मधल्या थरातला टॉवेल

दर्शना नगराळे आता मास्क शिवत नाही. ब्लाऊज शिवते, साड्यांना फॉल-पिको करते, पडद्यांच्या कडा मारते. कुणी मास्कचं नाव काढलं की मशीन जोरात चालवते आणि ऐकू आलं नाही असं दाखवते.

घाटकोपर पूर्वेला, पंतनगरमधल्या एका जुन्या इमारतीत, जिन्याखाली तिचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक मशीन, एक फळी, एक पंखा आणि भिंतीला टांगलेले ब्लाऊज. ताठ उभं राहिलं तर डोकं जिन्याला लागतं. म्हणून ती बसूनच असते. गिऱ्हाईक वाकून बोलतं.

बी.ए.ला आम्ही एका बाकावर होतो. मी पुढे मराठीत एम.ए. केलं. ती शेवटचा पेपर देऊन मशीनवर बसली. "तू पुस्तकं वाच, मी बाह्या लावते," ती म्हणाली होती. "डोळे दोघींचे सारखेच जाणार."

तिच्याबद्दल लिहू का, असं मी परवा तिला विचारलं. तिनं तोंडातल्या टाचण्या काढल्या.

"लिही. पण मला बिचारी करू नको, हां. वाट लावशील माझी."

मी प्रयत्न करते आहे.

दर्शनाचे वडील यवतमाळकडचे. तरुणपणी मुंबईत आले, इथेच राहिले, इथेच गेले. तिची आई, नंदाकाकू, मुलुंडला तीन-चार घरी पोळ्या करते. काकूंचं माहेरही तिकडचंच. त्यांचा भाऊ रतन मात्र गावीच राहिला. दर्शनाचा हा मामा. रतनमामा, रुक्मिणीमामी आणि त्यांचा मुलगा आकाश. त्यांना स्वतःची शेती नाही. दुसऱ्यांच्या शेतात कामाला जातात. श्रावण-भादव्यात काम असतं ते फवारणीचं. पाठीला पंप बांधायचा आणि कपाशीवर कीटकनाशक मारायचं. गावात त्याला औषध मारणं म्हणतात. दर्शनाही तसंच म्हणायची. मीही म्हणायला लागले होते.

फवारणीला जाणारा माणूस तोंडाला फडकं बांधतो. जुन्या लुगड्याचं. ते कोरडं बांधायचं नाही. घरातली बाई पहाटे उठून ते माठातल्या पाण्यात भिजवते, पिळते आणि त्याच्या हातात देते. ओल्या फडक्यानं वास आत येत नाही, तोंडाला गार वाटतं, असं सगळे मानतात. मामी लग्न होऊन आली तेव्हापासून हे करत होती. आधी मामासाठी. मग आकाश पंप उचलण्याएवढा झाला, तेव्हा दोघांसाठी.

करोनाच्या काळात दर्शनानं अस्तराच्या उरलेल्या तुकड्यांचे मास्क शिवले. इथल्यांना दिले, गावी पाठवले. करोना गेला. इथल्यांनी मास्क टाकून दिले. गावातल्यांनी फवारणीला वापरायला काढले. फडकं घसरायचं, हा कानाला नीट बसायचा. मामी आता फडक्याऐवजी मास्क भिजवायला लागली.

पुढे एका उन्हाळ्यात आकाशचा फोन आला. मी दुकानातच होते. दर्शनानं स्पीकर लावला होता, कारण हातात कात्री होती.

"ताई, तुझा मास्क भारी हाय. पन लवकर वाळते ना वो. अर्धं शेत नाई झालं की कोरडाठन्न."

"मग परत भिजव ना, राजा."

"तिथं कोन पानी घेऊन उभं राहते? तू असा शीव ना, की पानी धरून ठेवन."

"मास्क पाहिजे की माठ पाहिजे तुला?"

"दोन्ही मिळून एक कर. मुंबईले राहतेस ना, डोकं लाव."

तिनं डोकं लावलं. मी पाहिलं आहे. ती कामाला लागली की मान एका बाजूला झुकते. तिनं बाजारातून टॉवेलच्या कटपीसचं गाठोडं आणलं. बाहेर अस्तर, आत अस्तर, आणि मधल्या थरात टॉवेल. नाकावर चुण्या, म्हणजे श्वासाला जागा राहील. कानाला इलास्टिक नको, घामानं काचतं. मागे बांधायला नाड्या. पहिला तयार झाला तेव्हा तिनं तो नळाखाली धरला, पिळला, तोंडाला बांधला आणि अख्खी दुपार तसाच ठेवून मशीन चालवलं. संध्याकाळी मी गेले तेव्हा तो ओलाच होता.

"झकास," ती मास्कच्या आतून म्हणाली. "ए.सी. बसवलाय आत."

गावी पार्सल गेलं. खासगी बसच्या डिकीतून. मग दुसरं गेलं. शेजाऱ्यांनी मागितले, शेजाऱ्यांच्या पाहुण्यांनी मागितले. जयंतीबेन नावाच्या तिच्या जुन्या गिऱ्हाईक आहेत. त्यांचे ब्लाऊज रखडले. त्या जिन्यात वाकून ओरडायच्या, "दर्शना, मारा ब्लाऊज क्यां? नवरात्र आवी गई!" दर्शना म्हणायची, "जयंतीबेन, तिथे माणसं विषात उभी आहेत. तुमचा गरबा थांबेल." जयंतीबेन रागावून जायच्या आणि दुसऱ्या दिवशी परत यायच्या.

विष हा शब्द तिनं तेव्हा गमतीत वापरला होता.

त्या वर्षी कपाशी उंच झाली. माणसाच्या डोक्याच्या वर. फवारायला हात वर करावा लागायचा, आणि औषध पानांवर पडायचं तसं परत तोंडावर यायचं. हे आकाशनं आम्हाला नंतर सांगितलं. दुपारी त्याला घाम सुटला. उन्हाचा वाटला. मग तोंडाला पाणी सुटलं, थांबेना. डोळ्यांपुढे धुकं आलं. त्यानं पंप उतरवला आणि तो धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर बसला, तो बसल्या जागीच पडला. कुणीतरी गूळ खायला घातला. कुणीतरी ताक आणलं. मग मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून त्याला दवाखान्यात नेलं.

वॉर्डात त्याच्यासारखे बरेच होते. सगळे फवारणीचे. आसपासच्या गावांतले. विषावरच्या इंजेक्शनानं माणूस भ्रमिष्टासारखा होतो, उठून पळतो, सुई उपटतो. म्हणून त्यांचे हात खाटेला बांधले होते. चिंध्यांनी. चिंध्या ज्याच्या त्याच्या घरच्या.

"मले तर आईच्याच लुगड्यानं बांधलं होतं," आकाश हसत म्हणाला. "हिरवं. मी ओळखलं."

मी हसले नाही. तो मात्र हसत होता, कारण तो वाचला होता. त्याच्या शेजारच्या खाटेवरचा वाचला नव्हता.

आकाश घरी आला. दोनेक आठवडे ठीक होता. मग एक दिवस चालता चालता त्याची चप्पल मागे राहिली आणि त्याला कळलंच नाही. मामीनं मागून हाक मारली. त्यानं चप्पल घातली, चार पावलं टाकली, परत निसटली. पायाचा पंजा वर उचलत नव्हता. तिथल्या डॉक्टरनं ताकदीच्या गोळ्या दिल्या. नंदाकाकूंनी फोनवर भावाला झापलं. "गोळ्या कसल्या घालतोस त्याला? इथं आण. मी काय मेलीये का?"

मामा त्याला घेऊन आला. चहा प्यायला आणि उलट पावली परत गेला. हंगाम चालू होता.

आकाश बावीस वर्षांचा आहे. पायांचं दुखणं सोडलं तर त्याची बडबड अखंड चालू असते. मुंबईतली झाडं बघून म्हणाला, "यायले फवारनी लागत नाई वाटते. पानं आपोआपच काळी हायेत." घरी बसून कंटाळला, म्हणून दर्शना त्याला सकाळी रिक्षानं दुकानात आणायची. तो फळीच्या कडेला बसून ब्लाऊजना हुक लावायचा. हात चांगले चालत होते. चप्पल निसटू नये म्हणून दर्शनानं तिला मागून इलास्टिकचा पट्टा शिवून दिला. जयंतीबेननी तो पाहिला आणि मलापण असा करून दे म्हणाल्या. आकाशनं तोंड गंभीर केलं. "काकू, त्याच्यासाठी आधी औषध मारावं लागते."

आम्ही त्याला महापालिकेच्या दवाखान्यात नेलं. एका बाजूनं दर्शना, एका बाजूनं मी. डॉक्टर आमच्याच वयाची होती. तिनं त्याला टाचांवर चालायला सांगितलं. तो पडता पडता राहिला. तिनं तळव्यांना सुई टोचली. त्याला कळलं नाही. मग ती प्रश्न विचारू लागली. कुठलं औषध, किती तास, पंप गळका होता का, हात कशानं धुवायचा.

"आणि तोंडाला काय बांधायचास?"

आकाशचा चेहरा खुलला. त्यानं दर्शनाकडे बोट दाखवलं.

"हिनं शिवलेला मास्क. माझ्या ताईनं. असा तसा नाई, मधात टॉवेल टाकेल. आई पहाटे भिजवून द्याची, तो घरी येईपर्यंत ओला राहाचा."

डॉक्टरचं पेन थांबलं.

"ओला बांधायचास? दिवसभर?"

"हाव. पडलो तवाच काढला."

तिनं पेन खाली ठेवलं. ती वाईट बोलली नाही, हे मला सांगायलाच हवं. शांतपणे बोलली. ओलं कापड हवेतले फवाऱ्याचे थेंब अडवत नाही, पिऊन घेतं. मग ते सगळं नाकातोंडाशी बसून राहतं. प्रत्येक श्वासाबरोबर आत जातं, कातडीतून आत जातं, ओठ चाटले तर पोटात जातं. कापड जितकं जाड, तितकं जास्त साठतं.

"म्हणजे विषाची पट्टीच ठेवल्यासारखं होतं," ती म्हणाली.

दर्शना जिन्याखाली बसते तशी, मान खाली घालून बसली होती.

"कोरडा असता तर?" तिनं विचारलं.

"कोरडं कापडसुद्धा पुरत नाही. त्याला फिल्टरवाला मास्क लागतो. पण ओलं सगळ्यात वाईट. आणि हे बघा, याला फक्त मास्कमुळेच झालं असं नाही. उंच पीक, उलटा वारा, गळका पंप, सगळंच आहे."

"पण मास्कमुळेही झालं."

डॉक्टरनं तिच्याकडे बघितलं. "हो."

"पाय परत येतील?"

"हळूहळू. कितपत, ते आत्ता नाही सांगू शकत."

बाहेर आलो. आकाशला कट्ट्यावर बसवलं. समोर एक माणूस शहाळी सोलत होता. दर्शना त्याच्या कोयत्याकडे बघत राहिली. मला वाटलं ती रडेल.

"मामा आत्ता शेतात असेल," ती म्हणाली. "माझा मास्क बांधून."

तिनं फोन काढला. आकाशनं तिचं मनगट धरलं.

"आईले नको सांगू."

"आकाश, सोड."

"ताई, आईक. तू शिवला, तू इकडं लांब. ती रोज माठापाशी उभी राहते. रोज तिच्या हातानं पिळला तिनं. तिले कळलं ना, तर ती जगनार नाई."

"आणि मामा?"

आकाशनं मनगट सोडलं नाही.

मग दर्शनानं खोटं बोलायचं ठरवलं. संध्याकाळी दुकानातून फोन लावला. आकाशनं स्वतःचा फोन आईजवळ ठेवला होता, त्यामुळे व्हिडिओ कॉल करता यायचा आणि रुक्मिणीमामी स्क्रीनवर दिसायची. अर्धा चेहरा आणि पुष्कळ आभाळ.

"मामी, त्या मास्कच्या कापडात खोट निघालीये. रंग जातो. वापरू नका."

"रंग गेला तर जाऊ दे ना माय. तुझ्या मामाले काय लग्नात मिरवाचं हाय?"

"तसं नाही. अंगाला खाज येते त्यानं."

"आमाले नाई आली बाप्पा कोनाले."

दुसऱ्या दिवशी दर्शनानं नवं खोटं काढलं. सगळे मास्क परत पाठवा, इकडे एका मोठ्या दवाखान्याला द्यायचेत. मामीनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पोरी, दुसरं काई माग. हे नको मागू. सारं गाव म्हनते, आकाशनं तुझा मास्क बांधेल होता म्हनून वाचला. नाईतर त्या बाजूच्या खाटेवरच्या पोट्ट्यासारखा गेला असता. बाया माझ्याकडं येऊन रांगा लावतात. तू आनखी पाठव. तुझ्या मामाले मी आता दोन-दोन बांधून देतो. एकावर एक."

दर्शनानं फोन ठेवला. मशीनचं चाक हातानं उगाच फिरवलं. सुई वर गेली, खाली आली.

"खोटं बोलले की ती माझ्यावर जास्तच माया करते," ती मला म्हणाली. "दोन-दोन बांधतेय, सई. माझ्यामुळे."

"आणि डॉक्टर म्हणतात असं सांगितलं तर?"

"डॉक्टर काय म्हणतात ते तिनं आयुष्यभर ऐकलंय. कोण काय करतं त्याचं? बघितल्याशिवाय नाही पटणार तिला." तिनं चाक थांबवलं. मग म्हणाली, "उद्या सकाळी घरी ये. तुझ्याकडे नीळ आहे ना, पांढऱ्या कपड्यांची? घेऊन ये."

सकाळी मी गेले. नंदाकाकू पोळ्यांना बाहेर पडल्या होत्या. आकाश कॉटवर बसला होता. दर्शनानं इस्त्रीच्या वेळी पाणी मारायची बाटली घेतली, तिच्यात पाणी आणि नीळ ओतली. गडद निळं पाणी झालं. पांढऱ्या अस्तराचा एक मास्क तिच्याकडे शिल्लक होता. तो तिनं भिजवला, पिळला.

आकाश भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "तू तिले मारशील."

"तू गप. मामाला कोण मारतंय ते मला दिसतंय."

तिनं फोन फळीवर टेकून उभा केला आणि मामीला लावला. मामी अंगणात होती. तिच्या मागे दोन शेजारणी तांदूळ निवडत होत्या. एकीच्या मांडीवर बाळ होतं.

"मामी, त्या दोघींना पण बोलव. आणि मी काय करते ते बघा. मध्ये बोलू नका."

"काय नाटक करून राहिली वो ही?" एक शेजारीण म्हणाली.

दर्शनानं ओला मास्क तोंडाला बांधला. डोळे मिटले. माझ्याकडे मान केली.

"मार."

"अगं, तोंडावर?"

"कपाशी उंच आहे. तोंडावरच येतं. मार."

मी मारलं. पहिल्यांदा लांबून. तिनं हातानं जवळ ये म्हटलं. मी जवळून मारलं. पांढऱ्या कापडावर निळे ठिपके पडले, पसरले, एकमेकांत मिसळले. ती नाकानं श्वास घेत होती. कापड आत जायचं, बाहेर यायचं. बाटली अर्धी झाली तरी ती थांब म्हणेना. शेवटी बाटली संपली.

तिनं लगेच मास्क काढला नाही. तशीच बसून राहिली. फोनमध्ये बाळ कुरकुरलं.

मग तिनं नाड्या सोडल्या. आधी मास्कची आतली बाजू फोनसमोर धरली. ती निळी होती. मग स्वतःचं तोंड समोर आणलं. ओठ निळे, हनुवटी निळी, नाकपुड्यांच्या कडा निळ्या. तिनं जीभ बाहेर काढली. तीही.

"मामी," ती म्हणाली, "ही नीळ आहे. निळीनं कोणी मरत नाही. मामाच्या तोंडाशी जे आहे, त्यानं मरतं."

मामीनं फोन जवळ घेतला असावा. आता पूर्ण चेहरा दिसत होता.

"पान्यानं आत आलं?"

"हो. पाण्यानं ओढून घेतलं. आणि टॉवेलनं धरून ठेवलं."

"आकाशलेबी असंच?"

आकाश भिंतीकडून वळला. कॉटवरून पुढे सरकला, फोनसमोर आला.

"हाव आई," तो म्हणाला. "पन मीच सांगितलं होतं तिले. पानी धरून ठेवन असा शीव म्हनून."

"भिजवत तर मी होतो रे."

"मी शिवला होता, मामी," दर्शना म्हणाली.

तिघांनीही आपापला वाटा बोलून टाकला होता. मी रिकामी बाटली हातात धरून उभी होते. खाली ठेवायचं सुचलं नाही.

मग स्क्रीन हलली. आधी जमीन दिसली, मग लुगड्याचा काठ, मग आभाळ. मामी चालायला लागली होती. फोन बंद करायचं तिच्या लक्षात आलं नाही, किंवा तिला करायचा नव्हता. तिचा श्वास ऐकू येत होता. मागून एक शेजारीण ओरडली, "वहिनी, चप्पल तर घाल!" ती थांबली नाही. आभाळ हलत राहिलं. मग दोन्ही बाजूंनी हिरवं आलं. कपाशी. पंपाची खटखट ऐकू आली.

"आकाशचे बाबा!" ती ओरडली. "काढा ते! तोंडावरचं काढा!"

"काऊन? काय झालं? आकाशले काई झालं का?"

"काढा म्हनतो ना!"

कुणीतरी तिसरा पुरुष बोलला, जाड आवाजात. "काय तमाशा लावला वो बाई? काम चालू हाय इथं."

"तुमचं काम तुमी करा. हा घ्या तुमचा पंप."

धप्प असा आवाज झाला. पंप जमिनीवर पडल्याचा असावा. मग फोन वर झाला आणि रतनमामा दिसला. मास्कनं झाकलेला असतो तेवढा भाग सोडून चेहरा उन्हानं काळा पडला होता. मास्क हातात होता. दोन होते, एकात एक. तो त्यांच्याकडे बघत होता. मग त्यानं फोनमध्ये बघितलं. भाचीचं निळं तोंड त्याला दिसलं.

"हे काय झालं वो तुले?"

"मामा, मास्क फेकून दे. धुऊ नको, घरी नेऊ नको. खड्डा करून पूर. साबणानं तोंड धू, कपडे बदल."

"तू शिवले, अन् तूच पुराले सांगतेस?"

"हो."

त्यानं मान हलवली. का, हे त्यानं विचारलं नाही. बायकोकडे बघितलं, त्यात त्याला काय ते कळलं असावं. मग त्यानं साधाच प्रश्न विचारला. रागानं नाही. भाची सगळं शिवून देते, एवढंच त्याला माहीत होतं.

"मंग आता काय बांधू?"

डॉक्टरनं सांगितलेला मास्क शिवता येत नाही. तो विकत मिळतो. तो आणून देणं ज्याचं शेत आहे त्याचं काम. आणि तो जाड आवाजाचा माणूस तिथेच बाजूला उभा होता.

"काही बांधू नको," दर्शना शेवटी म्हणाली. "आज घरी जा. ज्याला औषध मारून घ्यायचंय, त्याला म्हणावं आधी मास्क आण. मुंबईहून भाचीनं सांगितलंय म्हण. आणि तो काही बोलला तर मला फोन दे."

मागून जाड आवाज काहीतरी पुटपुटला. मामी म्हणाली, "चला." फोन बंद झाला.

आकाशनं पाय कॉटखाली सोडले आणि ते बघत बसला. दर्शना मोरीत गेली, साबणानं तोंड घासत राहिली. नीळ लवकर निघाली नाही. दुपारी ती तशीच दुकानात गेली. जयंतीबेन वाकल्या, बघितलं, आणि किंचाळल्याच. "आ शुं? नवी फॅशन?" दर्शनानं त्यांना बसवलं आणि सगळं सांगितलं. पहिल्यापासून. टॉवेलसकट. त्या दिवशी जो जो आला त्याला तिनं सांगितलं. मी दर्शना नगराळे, मी हे शिवलं, यानं असं होतं. तुमच्या गावाकडे कोणी फवारणी करत असेल तर फोन करा. एका बाईनं तिथूनच परभणीला फोन लावला.

गावातल्या सगळ्यांनी मास्क पुरले असं नाही. काहींनी धुऊन ठेवले. मऊ कापड टाकवत नाही. मांडीवर बाळ होतं त्या शेजारणीनं एक उसवून बाळाला टोपडं करायला घेतलं होतं. मामीनं जाऊन ते तिच्या हातातून काढून घेतलं. शिव्या खाल्ल्या, पण काढून घेतलं. आता ती रोज कुणाच्या ना कुणाच्या दारात उभी असते. तिथून फोन लावते आणि दर्शनाला म्हणते, "घे, यायलेबी सांग." दर्शना सांगते.

पण नीळ मारली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मामीचा फोन आला, तेव्हा मी दर्शनाच्या घरी होते. आकाशला रिक्षात बसवायला गेले होते. मामीचा आवाज बारीक होता.

"पहाटे उठलो वो पोरी. सवयच. माठापाशी गेलो, झाकन काढलं, पानी घेतलं. मंग आठवलं."

"मग?"

"मंग काय. त्याच पान्याचा चहा ठेवला. तुझे मामा घरीच हायेत. बसले खाटेवर."

दर्शनाच्या ओठांच्या कडांना अजून निळं होतं.

"मामी, एक काम कर. त्याला जरा अंगणात चालायला लाव. मी फोनवर आहे."

"आता?"

"आत्ताच. चप्पल घालून."

पलीकडे काही बोलणं झालं. मामाचं कुरकुरणं. मग शांत. मग पायांचा आवाज, मातीवरून जाणारा. दर्शनानं फोन कानाला घट्ट दाबला होता. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. आकाश एक पाय रिक्षात आणि एक बाहेर ठेवून तिच्याकडे बघत होता.

"चालले," मामी म्हणाली. "इकडून तिकडं. परत आले."

"चप्पल?"

"काय चप्पल?"

"पायातच आहे ना? मागे नाही ना राहिली?"

मामीला कळायला क्षणभर लागलं.

"नाई माय," ती म्हणाली. "पायातच हाय."